पेडलवरचं कुंकू

इंदूमावशीचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. सायखेड्याची इंदूमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या नावापुढे पदवी लागली ती माझ्या, आणि आज मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यामागे आईवडिलांचे कष्ट आहेतच. पण कॉलेजच्या फाटकापर्यंत मला खरोखर आणून सोडलं ते मावशीनं. स्वतः चालवत, तिच्या पिकअपमधून, मागं झेंडूचे क्रेट भरलेले असताना.

हे आज लिहायला बसलो, कारण झेंडू आला. सकाळी कामावर जाताना पाथर्डी फाट्यावर रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरलेल्या दिसल्या. त्यांवर केशरी-पिवळे ढीग, ढिगांमागं उकिडव्या बसलेल्या बाया, आणि हेल्मेटच्या काचेखालून आत शिरलेला तो वास. झेंडूचा वास गोड नसतो. थोडा कडवट, थोडा हिरवा, बोटांना चिकटून राहणारा. पाऊस उघडलेला असतो, सकाळी गारवा आणि दुपारी चटके देणारं ऊन. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू होतात आणि बांधाबांधावर काड्यांचे भारे पडतात. नवरात्रापासून पाडव्यापर्यंतचे हे दिवस मला वर्षातले सगळ्यात आपले वाटतात. गेल्या वर्षी मात्र ते सगळे एका ब्रेकच्या पेडलभोवती फिरत राहिले. आणि गंमत अशी, की ते पेडल कुठल्या खऱ्या गाडीचं नव्हतंच.

आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझी एक गाडी आहे. तिला चाकं नाहीत. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर स्टिअरिंग, खाली तीन पेडलं, समोर मोठा स्क्रीन. लोक तिला रेसिंग सिम्युलेटर म्हणतात, माझी बायको मनीषा ‘तुझा पाळणा’ म्हणते. कंपनीतला एक मित्र परदेशी निघाला तेव्हा त्याच्याकडून स्टिअरिंग आणि पेडलं घेतली, सांगाडा आमच्याच गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्यानं जोडून दिला. सीट मात्र मावशीच्या पिकअपची. तिनं गाडीला नव्या सीटा घातल्या तेव्हा ड्रायव्हरची जुनी सीट मी मागून आणली होती. तिच्या शिवणीत अजून झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा भुगा निघतो. दिवसभर कारखान्यात मापं तपासून आलो की मी त्या सीटवर बसतो आणि कधीही न पाहिलेल्या देशांतल्या रस्त्यांवर गाडी पळवतो.

गाड्यांचं हे वेड कुठून आलं, ते सांगायला मागं जावं लागेल.

कळवणच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचं गाव. तिथली शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शिक्षणासाठी मला मावशीकडं सायखेड्याला ठेवलं. मावशीचं रान नदीकाठी, निम्म्यात भाजी आणि निम्म्यात झेंडू. भाऊसाहेबकाका, म्हणजे मावशीचे यजमान, शेतीत वाघ. पण गाडीचं चाक हातात घ्यायला पहिल्यापासून तयार नव्हते. भाड्याचा ड्रायव्हर एकदा ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला नाही, फुलं सावलीत पडून मऊ झाली. त्यानंतर मावशीनं गाडी शिकून घेतली. तेव्हापासून ती चालवते आणि काका शेजारी बसून झोपतात. चांदोरीचा पूल ओलांडेपर्यंत त्यांची मान खाली गेलेली असते. मावशी म्हणते, यांच्या घोरण्यावरनं कळतं रस्ता चांगलाय का वाईट.

सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर जायचो, दोघांच्या मधे बसून. आठवीत होतो. शाळेत माझं बरं चाललं नव्हतं. फळ्यावरचं उतरवताना मी ओळी गाळायचो, गणितातले आकडे चुकवायचो. मास्तर वाईट नव्हते, पण त्यांचं मत झालं होतं की डोंगरातनं आलेलं पोर आहे, डोकं जरा जड आहे. माझंही मत तेच झालं होतं. एका सकाळी नाशिकला जाताना मावशीनं सहज विचारलं, “दत्तू, म्होरं पाटी आली बघ. कोणतं गाव हे?” मला पाटी दिसत होती, अक्षरं दिसत नव्हती. तिनं गाडी हळू केली, पाटीच्या आणखी जवळ नेली आणि पुन्हा विचारलं. मग आणखी जवळ. पाटी अगदी काचेसमोर आली तेव्हा मी म्हणालो, ओढा. दोनच अक्षरं होती. मावशीनं गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. काका जागे झाले, म्हणाले, काय झालं, पंक्चर का? मावशी म्हणाली, “नाय हो. ह्याचं डोकं ठीक हाय, डोळं तपासाया पायजेत.”

बाजारात फुलं उतरवली आणि ती मला तशीच डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. चष्मा लागला. त्या वर्षी मी पास झालो, आणि पुढं कधी नापास झालो नाही. पुढं नाशिकला कॉलेजात जायला लागलो तेव्हा रोज सकाळी तिच्याच गाडीतून यायचो. माझ्या कपड्यांना, दप्तराला, वहीच्या पानांना झेंडूचा वास. वर्गात माझं नाव ‘झेंडू’ पडलं. पहिल्यांदा लाज वाटली, नंतर मी त्या नावाला ओ द्यायला लागलो.

त्या रोजच्या प्रवासात मी तिचं चालवणं पाहत राहायचो. इतर लोक ब्रेक मारतात, मावशी ब्रेक टेकवते. हा शब्द तिचाच. फुलांच्या गाडीत वरच्या क्रेटचं वजन खालच्यांवर असतं. एक जोराचा हिसका बसला की तळाची फुलं चेपतात आणि चेपलेलं फूल दुपारपर्यंत काळं पडतं. म्हणून ती खूप लांबून पाय पेडलवर ठेवायची, अर्धं दाबायची आणि तसंच धरून ठेवायची. गाडी थांबली हे काकांना कधी कळायचंच नाही. मला ती म्हणायची, “ब्रेक मारायचा नाय, टेकवायचा. फुलाला कळता कामा नये.”

तर गेल्या वर्षी श्रावणात ही बाई पंपाच्या खोलीच्या ओल्या पायरीवरून घसरली. उजवा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली, बरेच दिवस प्लास्टर. घटस्थापनेच्या सुमारास प्लास्टर निघालेलं होतं आणि व्यायामासाठी ती आमच्याकडं राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळलंय. पण गाडीचं आत्ताच बोलू नका. पायाला आधी जोर येऊ द्या, दाब किती पडतोय ते पायाला कळू द्या, मग दिवाळीच्या तपासणीला बघू.

मावशी घरात बसून राहणारी नव्हे. सकाळचा व्यायाम झाला की ती गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायची. हा क्लचवर पाय ठेवून चालवतो, त्याला वळण घेता येत नाही, ही बाई चांगली चालवते. तिकडं सायखेड्यात पिकअप ताडपत्रीखाली उभी होती आणि झेंडू भाड्याच्या गाडीतून जात होता. रोज संध्याकाळी काकांचा फोन यायचा आणि मावशी पहिलं विचारायची, आज फुलं कशी गेली. काका म्हणायचे, गेली, पण चेपली.

तेव्हा मला माझ्या चाक नसलेल्या गाडीची आठवण झाली. फिजिओथेरपीवाल्या ताईंना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, पेडलचा ताण हलका ठेवा आणि दुखलं की थांबा, मग काही हरकत नाही.

मावशी आपल्याच जुन्या सीटवर बसली. सीट हातानं चाचपली, म्हणाली, ही इथं येऊन बसली होय. मी स्क्रीनवर एक डोंगरातला मोकळा रस्ता लावून दिला. पहिल्या दिवशी ती दरीत गेली आणि लहान मुलीसारखी हसली. दुसऱ्या दिवशी वळणं जमायला लागली. पुढच्या काही दिवसांत ती इतकी रुळली, की मनीषा स्वयंपाकघरातून विचारायची, मावशी, कुठवर पोचलात? आणि मावशी उत्तर द्यायची, घाट उतरते आहे, भाकरी टाक. ब्रेक टेकवायची जुनी सवय पायात होती तशीच होती. ते पाहताना मला वाटलं, ही बाई दिवाळीनंतर नक्की चांदोरीचा पूल ओलांडणार.

मग खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी मशिनी धुऊन पुसून पूजा होते. घरोघरी कोयता, विळा, शिलाईमशिन, गाडी, ज्यावर पोट चालतं ते सगळं पूजतात. मी संध्याकाळी घरी आलो तर मागच्या खोलीत उदबत्तीचा वास. स्टिअरिंगला झेंडूचा हार, स्क्रीनला आंब्याचं पान, तिन्ही पेडलना हळदकुंकवाची बोटं. मावशी दरवर्षी आपल्या पिकअपची पूजा करायची तशीच साग्रसंगीत तिनं इथं केली होती. नारळ गॅलरीत फोडला आणि पाणी आणून पेडलवर शिंपडलं, ब्रेकवर जरा जास्त. म्हणाली, ब्रेकची पूजा आधी, ॲक्सिलरेटरची मागनं. मी नमस्कार केला. मला ते फार आवडलं. आपल्या छंदाला कुणी इतक्या गंभीरपणे घेतलं नव्हतं.

दसऱ्याला सगळेच दमलो. बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराला तोरण हवं होतं आणि मावशीच्या हातचं तोरण म्हटल्यावर रांग लागली. ती दिवसभर बसून आणि उभी राहून माळा ओवत होती. संध्याकाळी घोटा सुजला.

दसरा उलटला, सूज उतरली आणि ती पुन्हा सीटवर बसली. पहिल्याच वळणावर गाडी कठड्याला धडकली. तिनं पुन्हा सुरुवात केली. ब्रेकवर पाय ठेवला, गाडी हळू व्हायला लागली आणि मधेच सुटल्यासारखी पुढं गेली. पुढच्या वळणावर उलटं झालं, गाडी एकदम जागेवर खिळली. मावशीचं हसू गेलं. मला म्हणाली, जरा बघ रे, काय बिघडलंय का. मी बसलो, ब्रेक दाबला, गाडी थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. केबल काढून दुसरीकडं लावली, संगणकात पेडलची मोजणी नव्यानं करून घेतली, परत दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी ब्रेक लागला. मी म्हणालो, “मावशी, पेडल तर ठीक आहे.”

तिनं आपल्या पावलाकडं पाहिलं. म्हणाली, “मंग झालं. पायच गेला म्हणायचा.”

मी समजावलं, सूज होती, दमली होतीस, थोडे दिवस जाऊ देत. तिनं आणखी दोन दिवस करून पाहिलं. तेच. सूज नव्हती, दुखत नव्हतं, पण तिच्या पायाखाली ब्रेक कधी लागत होता, कधी नाही. तिसऱ्या दिवशी ती सीटवर बसलीच नाही. पिशवी भरली. जाताना म्हणाली, “खोट्या गाडीचा ब्रेक लागंना मला. खऱ्या गाडीत, भरल्या रस्त्यात काय करू? कुणाच्या पोराच्या अंगावर नाय घालायची मला गाडी.” ती बरोबर बोलत होती. ज्याला आपल्या ब्रेकचा भरवसा नाही त्यानं रस्त्यावर येऊ नये.

कोजागरीला काकांचा फोन आला. विंचूरचा एक माणूस गाडी बघायला पाडव्याला येणार होता. मावशीनंच निरोप धाडायला लावला होता. काकांचा आवाज ऐकून वाटलं, त्यांची शेजारच्या सीटवरची झोपसुद्धा गाडीबरोबर जाणार. ते म्हणाले, ती म्हणते, गाडी गेली की मी घरातली म्हातारी झाले. आणि विकायचीही तिलाच घाई.

त्यानंतरची एक सकाळ. मी मोटारसायकलवरून कामावर निघालो होतो, पुढं फुलांची एक पिकअप. सिग्नल अजून बराच लांब होता तरी तिचे मागचे लाल दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. गाडी हळूहळू मंदावत अगदी रेघेपाशी येऊन थांबली. एक क्रेट हलला नाही. कुणीतरी ब्रेक टेकवत होतं. सिग्नलला उभं राहून मी त्या लाल दिव्यांकडं पाहत होतो आणि मला माझीच तपासणी डोळ्यांसमोर दिसली. मी त्या दिवशी पेडल कसं दाबलं होतं? शर्यतीत दाबतात तसं, एका दमात तळापर्यंत. मावशी तशी कधीच दाबत नाही. ती अर्ध्यावर जाऊन थांबते. पेडलच्या त्या मधल्या जागेवर मी एकदाही थांबलो नव्हतो.

कारखान्यात मी कुठलाही भाग असा सोडत नाही. टोकं तपासली आणि मध्य सोडला तर साहेब भाग परत पाठवतील. दिवस कसा काढला ते माझं मला माहीत.

घरी आल्याबरोबर पेडलं संगणकाला जोडली. संगणकात एक सोय असते; पेडल किती दाबलं त्याची रेघ स्क्रीनवर सरकत जाते. मोकळं सोडलं की तळाला, पूर्ण दाबलं की माथ्याला. मी बूट काढले आणि मावशीसारखा पाय टेकवला. रेघ नीट वर आली, मध्यावर पोचली, आणि पाय जागच्या जागी असताना वेड्यासारखी उड्या मारायला लागली. खाली, वर, खाली. पाय तळापर्यंत नेला, रेघ शांत. पुन्हा मध्यावर आणला, पुन्हा उड्या.

तरी खात्री हवी होती. मी क्लचची आणि ब्रेकची वायर एकमेकांच्या जागी लावली. दोष वायरीत किंवा संगणकात असता तर उड्या त्याच वायरीवर राहिल्या असत्या. उड्या ब्रेकच्या पेडलबरोबर गेल्या. म्हणजे दुखणं पेडलच्या पोटात. स्क्रू काढले. पेडलच्या बुडाशी नाण्याएवढी एक चकती असते, तिच्यावर काळा गुळगुळीत पट्टा. पेडल दाबलं की त्या पट्ट्यावरून एक बारीक पत्र्याची जीभ घासत जाते; जीभ कुठं आहे त्यावरून संगणकाला कळतं की पाय किती दाबलाय. त्या काळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर एक लालसर, चिकट डाग वाळून बसला होता. मी बोट लावलं. कुंकू होतं, नारळाच्या पाण्यात कालवलेलं.

मनीषा दारात उभी होती. तिला बोट दाखवलं. तिला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. म्हणाली, ब्रेकवर जरा जास्त शिंपडलं होतं ना त्यांनी.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असले पट्टे साफ करायचा स्प्रे मिळतो. तो मारला, मऊ कापडानं डाग टिपला, पुन्हा मारला, पेडल वरखाली करत राहिलो. वाळू दिलं, जोडलं. पाय टेकवला. रेघ मध्यावर आली आणि तिथं थांबली, पाटाच्या पाण्यासारखी सपाट.

मी लगेच मावशीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझं मन राखाया बोलतो तू. कुंकवानं कधी गाडी बिघडती का?” मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, जेवलास का?

रविवारी मी पेडल आणि लॅपटॉप पिशवीत घालून सायखेडा गाठलं. शेडमध्ये दिवाळीच्या झेंडूची निवड चालली होती. काका, मावशी आणि शेजारच्या सखूबाई फुलांच्या ढिगाभोवती बसलेले. मी रिकाम्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला, पेडलं फरशीवर, मागं सरकू नयेत म्हणून त्यांच्यामागं खताची गोणी. मावशी म्हणाली, हे बिऱ्हाड कशाला आणलं? तिनं पाय पुढं करायला साफ नकार दिला. म्हणाली, तू यंत्र असं केलं असशील की कुणाचा पाय ठेवला तरी रेघ सरळच येईल.

मला हा संशय फार आवडला. मी म्हणालो, बरं, मग आधी काका.

काका आढेवेढे घेत उठले. दोन्ही पाय शाबूत असलेला धडधाकट माणूस. मी सांगितलं, निम्मं दाबा आणि तसंच धरा. त्यांनी दाबलं. रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर चढली, थरथरली. सखूबाई म्हणाल्या, “अगं बया, ही रेघ हाय का गांडूळ?” काका म्हणाले, मी काय ड्रायव्हर आहे का? मग सखूबाईंनी स्वतःहून पाय ठेवला आणि त्यांची रेघ थेट माथ्याला जाऊन चिकटली.

आता मावशीनं हातातलं फूल खाली ठेवलं. पदर खोचला, क्रेट ओढून बसली, चप्पल काढली. घोट्याजवळचा तो लांब व्रण दिसत होता. तिनं स्क्रीनकडं पाहिलंच नाही. समोर शेडच्या तोंडातून दिसणाऱ्या ताडपत्रीखालच्या गाडीकडं पाहिलं आणि पाय टेकवला.

रेघ चढली, मध्यावर आली आणि तिथंच राहिली. रेघ सरकत होती आणि सरळ होती. मावशीला दिसत नव्हतं म्हणून काकांनीच तिला सांगितलं, “इंदू, हलत नाय ती.” तिनं मान वळवून पाहिलं, तरी रेघ हलली नाही. मग हळूच पाय उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा तीच. तिनं हे किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी म्हणाली, “कुंकवानं बिघडती म्हणायची गाडी.” आणि डोळे पुसून पुन्हा फुलं निवडायला लागली.

दिवाळीच्या तपासणीत डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून पाहिला आणि हो म्हणाले, आधी मोकळ्या जागेत चालवा एवढीच अट घातली. नदीकाठच्या मोकळ्या रानात तिनं गाडी काढली. मी शेजारी, काका मागं क्रेट धरून. ती फेऱ्या मारत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती. एकदा थांबल्यावर तिनं मागं वळून काकांना विचारलं, चेपलं का हो काही? उत्तर आलं नाही. काका क्रेटला टेकून झोपले होते.

पाडव्याला विंचूरचा माणूस आला, चहा पिऊन, फराळ करून, दिवाळीच्या शुभेच्छा देऊन गेला.

वर्ष होत आलं त्याला. आता पाथर्डी फाट्यावर पुन्हा झेंडू आलाय. मी अजून रोज कारखान्यात मापं घेतो, आणि कुणी येऊन सांगितलं की अमुक माणसाला हे काम जमत नाही, तर मी आधी त्याच्या हातातलं हत्यार मागून घेतो, आणि त्याच्यासारखंच धरून पाहतो. बऱ्याचदा दोष माणसाचाच निघतो. पण बऱ्याचदा निघत नाही. ही शिकवण मला कॉलेजात मिळाली असं लोकांना वाटतं.

नवरात्राच्या आधी मावशीला पत्र लिहायचं हा माझा पहिल्या नोकरीपासूनचा रिवाज. फोन रोज होतो, पण पत्र तिला आवडतं. ती ते शेडमध्ये बसून काकांना मोठ्यानं वाचून दाखवते. यंदाचं आज लिहिलं ते असं:

तीर्थस्वरूप इंदूमावशीस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. इकडे फुलं आली आहेत, पण तुझ्यासारखी नाहीत; तळाची चेपलेली दिसतात. कुणीतरी ब्रेक मारत आणली असणार.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. ओढ्याची पाटी मला वाचता आली नाही तेव्हा तू ‘नीट बघ’ म्हणाली नाहीस. रागावली नाहीस. गाडी जवळ नेलीस, आणखी जवळ नेलीस, आणि मग थांबवलीस. त्या दिवशी सगळे म्हणत होते तेच तूही म्हणाली असतीस, तर मी आज कळवणलाच असतो, आणि आपलं डोकं जड आहे असं समजून बसलो असतो. मी इंजिनिअर झालो ते पुढं. सुरुवात तिथं झाली.

यंदा खंडेनवमीला इकडे ये. बाजारात फुलं उतरव आणि गाडी तशीच आमच्या बिल्डिंगखाली आण. काकांना बरोबर आण, ते येईपर्यंत झोपतीलच. खाली तुझ्या गाडीची पूजा करू, मग वर येऊन माझ्या गाडीची. मनीषा म्हणत होती की पेडलना प्लास्टिक गुंडाळू. मी नको म्हणालो. तू करतेस तशीच पूजा कर. हळद, कुंकू, नारळाचं पाणी, सगळं. ब्रेकवर जरा जास्त.

स्प्रेची नवी बाटली आणून ठेवली आहे.

तुझा,
दत्तू